मातीत १.८ कॅडमियम, पाण्यात मात्र 'आढळले नाही': सांडपाण्यावरच्या शेताचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. एका शेताला वीस वर्षं नाल्याचं सांडपाणी दिलं जातंय. त्या नाल्यात घरगुती मैलापाण्याबरोबर छोट्या कारखान्यांचं पाणीही येतं. पिकं मुख्यतः पालक, मुळा, गाजर. मातीच्या वरच्या वीस सेंटीमीटर थरात दर किलोला कॅडमियम १.८, शिसं ७४, निकेल ५२, क्रोमियम ११० आणि जस्त २६० मिलिग्रॅम निघालं. सामू (पीएच) ६.१. पाण्याच्या अहवालात कॅडमियमपुढे 'आढळले नाही' असा शेरा आहे. पीक हिरवंगार आहे. तर धोका आहे का, मातीतला धातू ओढून घेते म्हणतात ती मोहरी लावून जमीन साफ होते का, की शेती बंदच करायची?

आधी सरळ उत्तर देतो. जमीन सोडायची गरज नाही. पण मालाची तपासणी होईपर्यंत या रानातली पालेभाजी आणि मुळा-गाजर खाण्यासाठी काढू नका. मोहरीने ही जमीन साफ होणार नाही, त्याचा हिशेब पुढे मांडला आहे. आणि या पाच आकड्यांपैकी झोप उडवावी असा आकडा एकच: कॅडमियमचा.

पाण्यात नाही तर मातीत आलं कुठून, हे आधी बघू. एक हेक्टर रानाचा वीस सेंटीमीटर थर म्हणजे साधारण २६ लाख किलो माती (घनता १.३ धरून). दर किलोला १.८ मिलिग्रॅम म्हणजे हेक्टरी ४.७ किलो कॅडमियम. स्वच्छ जमिनीत ०.३ च्या आसपास असतं असं धरलं, तर १.५ बाहेरून आलं, म्हणजे हेक्टरी ३.९ किलो. वीस वर्षांनी भागा: वर्षाला १९५ ग्रॅम. वर्षाकाठी हेक्टरी १०,००० घनमीटर पाणी दिलं असेल, तर पाण्यात सरासरी लिटरला ०.०२ मिलिग्रॅम कॅडमियम होतं. आता पाण्याचा अहवाल पुन्हा काढा आणि 'आढळले नाही'च्या शेजारी किंवा तळटीपेत मोजणीची खालची मर्यादा काय लिहिली आहे ते बघा. बहुतेक ०.०५ असेल. ज्या काट्याला ०.०५ च्या खालचं दिसतच नाही, त्याला ०.०२ कसं दिसणार? सिंचनाच्या पाण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८५ मध्ये सुचवलेली कॅडमियमची मर्यादा ०.०१ आहे. म्हणजे अहवाल खोटा नाही आणि पाणी मर्यादेच्या दुप्पटही आहे, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

म्हणून पाणी पुन्हा तपासताना प्रयोगशाळेला आधीच विचारा, की कॅडमियमची मोजणी ०.००१ पर्यंत होते का. एकदा भरलेल्या एका बाटलीवर जाऊ नका. कारखान्याचं पाणी नाल्यात सलग येत नाही, ते टाकी रिकामी केली की लोंढ्याने येतं, बऱ्याचदा रात्री. चोवीस तासांत दर दोन तासांनी सारखं पाणी घेऊन ते एकत्र करा आणि हेच आठवड्यातल्या दोन वेगवेगळ्या दिवशी करा. बाटली प्लॅस्टिकची, आधी पातळ नायट्रिक आम्लाने धुतलेली हवी. नमुना घेतल्यावर प्रयोगशाळेने दिलेलं नायट्रिक आम्ल टाकून सामू २ च्या खाली आणा, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि आकडा कमी येतो. विरघळलेला धातू वेगळा मोजायचा असेल तर आम्ल टाकण्याआधी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून पाणी गाळा. उलट क्रमाने केलं तर गाळाला चिकटलेला धातू आम्लात सुटतो आणि दोन्हींतला फरकच नाहीसा होतो.

आता पीक हिरवं असण्याबद्दल. रुफस चेनी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८० मध्ये 'माती-वनस्पती अडसर' ही कल्पना मांडली. सांडपाण्यावर शेती करणाऱ्याला यापेक्षा उपयोगी दुसरी कल्पना क्वचितच सापडेल. शिसं, पारा आणि तीन संयुजेचं क्रोमियम मातीला किंवा मुळांनाच इतकं घट्ट धरून राहतं, की पानात-फळात फारसं चढत नाही. जस्त, तांबं, निकेल चढतात. पण ते माणसाला बाधण्याइतके वाढण्याआधी पीकच पिवळं पडतं, खुरटतं. म्हणजे एका गटाला मूळ अडवतं, दुसऱ्या गटाबद्दल पीक स्वतः ओरडून सांगतं. कॅडमियम या दोन्ही फाटकांतून निसटतं. ते पानात चढतं आणि माणसाच्या मूत्रपिंडाला त्रास होईल इतकं साठलं तरी पालक तजेलदार दिसतो. हिरवं पीक बघून निर्धास्त होणं इथे सगळ्यात महागात पडतं.

१.८ हा आकडा मग जास्त म्हणायचा की चालेल असा? नियमांकडे पाहिलं तर गोंधळ वाढतो. युरोपीय समुदायाच्या १९८६ च्या मैलागाळ निर्देशात ६ ते ७ सामूच्या जमिनीसाठी कॅडमियमची मर्यादा १ ते ३ आहे, तर चीनच्या २०१८ च्या शेतजमीन मानकात तुमच्यासारख्या सामूला धोक्याची पहिली खूण ०.३ वरच आहे. दहापटीपर्यंत फरक. यात कोणी चुकलेलं नाही. मातीतला एकूण धातू ही जमाखर्चाची वही आहे. त्यातला किती पिकाच्या तोंडी लागेल हे सामू, सेंद्रिय कर्ब, चिकणमातीचं प्रमाण आणि पाण्यातला क्लोराइड ठरवतात. एकच १.८, सामू ७.८ च्या भारी काळ्या रानात निमूट पडून राहील आणि सामू ५.५ च्या हलक्या रानात भाजीत उतरेल. तुमचा ६.१ उतरणीच्या बाजूला आहे.

निकेल ५२ आणि क्रोमियम ११० वर लगेच घाबरू नका. बेसॉल्टसारख्या ज्वालामुखी खडकापासून बनलेल्या मातीत हे दोन्ही मुळातच भरपूर असतात. जवळच्या, त्याच पोताच्या, पण नाल्याचं पाणी कधीच न मिळालेल्या रानाचा एक नमुना त्याच प्रयोगशाळेत, त्याच वेळी द्या. त्याशिवाय 'वाढलं' हा शब्दच वापरता येत नाही. नाल्यावर कातडी कमावण्याचे किंवा मुलामा देण्याचे उद्योग असतील, तर पाण्यातलं सहा संयुजेचं क्रोमियम वेगळं मोजून घ्या. घातक तेच आहे. सेंद्रिय कर्ब असलेल्या जमिनीत त्यातलं बरंचसं तीन संयुजेचं होऊन बसतं, पण न बसलेलं विहिरीच्या पाण्यापर्यंत झिरपतं.

निर्णय मातीवर नाही, मालावर घ्यायचा. काढणीच्या वयाची झाडं रानाच्या दहा-बारा ठिकाणांहून घ्या, फक्त खाण्याचा भाग ठेवा, स्वच्छ पाण्याने आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा. पालेभाजीत ओल्या वजनावर कॅडमियमची कोडेक्स (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं) मर्यादा दर किलोला ०.२ मिलिग्रॅम आणि शिशाची (पालक सोडून) ०.३ आहे, मुळा-गाजरासारख्या मुळांना दोन्हींची मर्यादा ०.१. 'ओल्या वजनावर' हे दोन शब्द नीट धरून ठेवा. प्रयोगशाळा वाळवून मोजते आणि पुष्कळदा वाळल्या वजनाचाच आकडा छापते. पालकात ९१-९२ टक्के पाणी असतं. म्हणजे अहवालातला २.० हा वाळल्या वजनाचा असेल तर ओल्यावर तो ०.१७ होतो, मर्यादेच्या आत. ओल्या वजनाचाच असेल तर मर्यादेच्या दहापट. या एका गफलतीने चांगला माल फेकला जातो आणि वाईट माल विकला जातो. नमुन्यासोबत ओलावाही मोजून मागा.

०.२ म्हणजे किती, हे ताटावर बघा. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये कॅडमियमसाठी महिन्याला दर किलो शरीरवजनामागे २५ मायक्रोग्रॅम ही सहनमर्यादा ठरवली. साठ किलोच्या माणसाला ती रोज ५० मायक्रोग्रॅम पडते. दर किलोला ०.२ मिलिग्रॅम असलेली भाजी रोज पाव किलो खाल्ली की तेवढ्यातच ५० पूर्ण. धान्य आणि बाकीचं अन्न अजून मोजलेलंच नाही. मूत्रपिंडात शिरलेलं कॅडमियम निम्मं व्हायला दहा ते तीस वर्षं लागतात आणि अंगात लोह कमी असलेल्या माणसात ते जास्त शोषलं जातं. स्वतःच्या रानातलीच भाजी वर्षभर खाणाऱ्या शेतकरी घरातल्या बाया आणि मुलं यात सर्वांत आधी सापडतात. त्यांचा विचार बाजारपेठेच्याही आधी करा.

शिशाची गोष्ट वेगळी आहे. ते पानाच्या आत कमी आणि पानावर जास्त असतं: उडालेली माती, तुषारांबरोबर बसलेला गाळ. एकाच जुडीचे दोन भाग करा, एक न धुता आणि एक नीट धुऊन तपासा. धुतल्यावर शिसं निम्म्यावर आलं, तर दोष मुळाचा नसून धुळीचा आहे आणि उपायही तसाच साधा आहे: आच्छादन, तुषारांऐवजी ठिबक, स्वच्छ पाण्यात धुणी. प्रयोगशाळेला त्याच नमुन्यात टायटॅनियम मोजायला सांगता आलं तर उत्तम. झाड टायटॅनियम जवळजवळ उचलत नाही, त्यामुळे पानात ते सापडलं म्हणजे माती चिकटलेली आहे. कॅडमियम मात्र धुऊन जात नाही.

मातीचे नमुने पुन्हा घ्याल तेव्हा अख्ख्या रानाचा एकच मिश्र नमुना करू नका. नाल्याच्या पाण्यातले बरेच धातू तरंगत्या गाळाला चिकटून येतात आणि पाण्याचा वेग मंदावला की पहिल्या काही वाफ्यांतच बसतात. पाट रानात शिरतो तिथली माती, मधली आणि शेवटच्या टोकाची अशा तीन पट्ट्या करा. प्रत्येक पट्टीत नागमोडी फिरत १५ ते २० ठिकाणांहून ० ते २० सेंटीमीटरचे टवके घ्या. तुमचा १.८ कदाचित तोंडाशी ३.५, मध्ये १.१ आणि शेवटाला ०.८ यांची सरासरी असेल, आणि मग प्रश्न अख्ख्या रानाचा न राहता चार वाफ्यांचा उरतो. जस्ताचा मुलामा दिलेली बादली, रंग दिलेलं खोरं, पितळी चाळणी वापरू नका. त्यांतून जस्त, तांबं, शिसं नमुन्यात उतरतं. स्टेनलेस स्टीलचं खुरपं, प्लॅस्टिकची घमेली, २ मिलिमीटरची नायलॉनची चाळणी, आणि नमुना सावलीत वाळवलेला. तपासणी दोन तऱ्हेची मागा: तीव्र आम्लात विरघळवून एकूण धातू आणि डीटीपीए द्रावणात उतरणारा, म्हणजे पिकाला मिळू शकणारा धातू. डीटीपीएची पद्धत उदासीन आणि चुनखडीच्या जमिनींसाठी बसवलेली आहे; फार आम्ल जमिनीत तिच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नये.

आता करायचं काय.

येणारा धातू थांबला नाही तर पुढचं सगळं व्यर्थ. चांगल्या पाण्याचा दुसरा स्रोत असेल तर खाण्याच्या पिकांना तोच द्या. नसेल तर नाल्याचं पाणी थेट पाटात न सोडता आधी साठवणीत थांबवा. रोज ५० घनमीटर उपसा असेल तर १०० घनमीटरचं, दीड मीटर खोल, लांबट, अस्तर घातलेलं तळं. पाणी एका टोकाने हळूच आत, उपसा दुसऱ्या टोकाने, पृष्ठभागाजवळ तरंगत्या फूट व्हॉल्व्हने (उपशाच्या नळीच्या तोंडाची झडप). तळाचं अर्धा मीटर पाणी कधीच ओढायचं नाही. शिसं, क्रोमियम, तांबं यांचा मोठा भाग गाळाबरोबर खाली बसतो. निकेल बरंचसं विरघळलेलं असल्याने फारसं अडत नाही, आणि कॅडमियम किती अडेल हे गाळलेल्या आणि न गाळलेल्या नमुन्यांच्या फरकावरून आधीच कळतं. फरक किरकोळ असेल तर तळ्यावर खर्च करू नका. तळ्यातला काळा गाळ खतासारखा दिसतो आणि वासही तसाच येतो; तो रानात पसरला तर अडवलेला सगळा धातू स्वतःच्या हाताने परत दिल्यासारखं होतं. तो घातक कचरा समजून स्थानिक यंत्रणेमार्फतच हलवा. ठिबकचा फायदा पाण्याच्या बचतीइतकाच धातूच्या बचतीचाही आहे: निम्मं पाणी, निम्मा धातू.

दुसरं, पीक बदला. पालक, सॅलडची पानं, गाजर, मुळा यांना या रानातून सुट्टी द्या. सूर्यफूल आणि तंबाखू दोन्ही कॅडमियम ओढण्यात पटाईत, तीही नकोत. मका, टोमॅटो, वेलवर्गीय फळभाज्या, शेंगा यांच्या खाण्याच्या भागात कॅडमियम पानांपेक्षा पुष्कळ कमी उतरतं. फुलशेती, बियाण्याची पिकं, लाकडाची झाडं ही सगळ्यात निर्धोक, आणि तोंडाशी असलेले ते चार वाफे त्यांनाच द्या. चारा घेणार असाल तर जमिनीलगत कापू नका, जनावराच्या पोटात चाऱ्याबरोबर मातीही जाते. दुधात कॅडमियम फार उतरत नाही, यकृत आणि मूत्रपिंडात मात्र साठतं.

भात असेल तर प्रकरण उलटसुलट होतं. दाणा भरेपर्यंत पाणी उभं ठेवलं तर कॅडमियम गंधकाशी जखडून बसतं आणि तांदळात कमी येतं. शेवटच्या आठवड्यांत खाचर कोरडं सोडलं की ते सुटतं. आर्सेनिकचं नेमकं याच्या विरुद्ध आहे, ते साचलेल्या पाण्यात सुटतं. मातीत दोन्ही असतील तर पाण्याच्या पाळ्यांवर खेळत बसण्यापेक्षा त्या रानात भात न घेणं शहाणपणाचं.

तिसरं आणि तुमच्या ६.१ सामूला सर्वांत लागू पडणारं काम म्हणजे चुनखडीची भुकटी. सामू ६.८ ते ७ वर नेला की कॅडमियम, जस्त, निकेल मातीला घट्ट धरले जातात. किती टाकायची हे पुस्तकातून ठरवू नका, डब्यांत ठरवा. वाळलेल्या, चाळलेल्या मातीचे २०० ग्रॅमचे पाच डबे भरा. एक तसाच ठेवा, बाकीच्यांत ०.१, ०.२, ०.४ आणि ०.६ ग्रॅम बारीक चुनखडी मिसळा. वाफशाइतका ओलावा ठेवून पंधरा दिवस झाकून ठेवा, मग सामू मोजा. ०.१ ग्रॅम म्हणजे हेक्टरी १.३ टन, ०.४ म्हणजे ५.२ टन. ज्या डब्यात ६.८ मिळेल तीच मात्रा. भुकटी पिठासारखी बारीक हवी आणि पूर्ण वीस सेंटीमीटरमध्ये घोळली गेली पाहिजे. वरून फेकून पाणी दिलं तर वरचे तीन सेंटीमीटर सुधारतात आणि मुळं खालूनच कॅडमियम उचलत राहतात. कळीचा चुना वापरू नका, तो हातापायांना भाजतो आणि सामू जागोजागी उसळवतो. आर्सेनिक, मॉलिब्डेनम किंवा सहा संयुजेचं क्रोमियम ही तुमची अडचण असेल तर चुन्याने ते उलट सुटतात, म्हणून ती तपासणी आधी.

चुन्याचं काम दोन-तीन वर्षांत कसं वाया जातं तेही सांगतो. अमोनियम सल्फेटसारखी खतं सामू परत खाली ओढतात, तेव्हा नत्रासाठी नायट्रेटची खतं घ्या किंवा दरवर्षी सामू मोजून चुना भरून काढा. पोटॅशसाठी म्युरेटऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरा. म्युरेटमधला क्लोराइड कॅडमियमला धरून मातीतून सुटं करतो आणि मुळापाशी नेऊन देतो. पाणी खारट असेल तर हेच आपोआप घडत असतं. स्फुरदयुक्त खतांत कॅडमियम कमी-जास्त असतं, पोत्यावर लिहिलेलं नसलं तर विक्रेत्याकडे विश्लेषण मागा. चांगलं कुजलेलं शेणखत शिसं आणि तांबं घट्ट धरतं, कॅडमियम सैलसर. ते कुजून संपलं की पकडही जाते, म्हणून दरवर्षी द्यावं लागतं. शहरी कचऱ्याचं किंवा मैलागाळाचं कंपोस्ट धातूंची तपासणी पाहिल्याशिवाय या रानात नको.

आता मोहरी. समजा हेक्टरी १० टन वाळलेला पाला निघाला आणि त्यात दर किलोला ५ मिलिग्रॅम कॅडमियम आहे. वर्षाला ५० ग्रॅम बाहेर पडलं. तुम्हाला १.८ वरून ०.८ वर यायचं तर २.६ किलो काढायचं आहे. बावन्न वर्षं, तेही नाल्यातून एक ग्रॅमही नवा येत नसेल तर. अतिसंचयी वनस्पती दर किलोला १०० मिलिग्रॅमहून जास्त ओढतात, पण त्या बोटभर वाढतात. ईडीटीए (मातीतला धातू सुटा करणारं रसायन) टाकून मोहरीला जास्त ओढायला लावण्याचा सल्ला मिळाला तर स्पष्ट नाकारा. सुटलेला धातू मुळापेक्षा वेगाने खाली उतरतो आणि विहिरीत पोचतो. आणि उपटलेली मोहरी शेवटी टाकायची कुठे? कंपोस्ट केली किंवा जनावरांना घातली तर वर्तुळ तिथेच पूर्ण होतं.

खोल नांगरटीने वरचा थर खालच्या स्वच्छ मातीत मिसळून आकडा खाली येतो, हे खरं आहे. पण धातू कमी होत नाही, फक्त पातळ होतो, आणि परत गोळा करता येत नाही. नाला चालू असताना तर मुळीच नको. माती बदलण्याचं काम काय असतं हे जपानच्या जिन्झू नदीच्या खोऱ्यात दिसलं. खाणीच्या पाण्यातल्या कॅडमियममुळे तिथे हाडं मोडण्याचा 'इताई-इताई' आजार झाला, सरकारने १९६८ मध्ये कारण मान्य केलं, आणि भातजमिनी पूर्ववत करण्याचं काम १९७९ ला सुरू होऊन २०१२ ला संपलं. तेहतीस वर्षं. एका शेतकऱ्याच्या आवाक्यातलं ते काम नाही.

तुमचा क्रम असा ठेवा: या आठवड्यात मालाचे दोन नमुने आणि शेजारच्या कोरडवाहू रानाची माती; त्याच वेळी चुनखडीचे पाच डबे. मालाचा आकडा कोडेक्स मर्यादेच्या निम्म्याखाली असेल, तर चुना दिल्यावर फळभाज्या निर्धास्त घ्या आणि पालेभाजी शेवटच्या पट्टीत एका वाफ्यावर करून पुन्हा तपासा. निम्म्यापासून मर्यादेपर्यंत असेल, तर चुना देऊन एक हंगाम मका किंवा शेंगा. मर्यादेच्या वर असेल, तर त्या पट्टीत खाण्याचं पीक नाही, आणि घरात वर्षानुवर्षं तीच भाजी खाल्ली गेली असेल तर मोठ्यांच्या लघवीतलं कॅडमियम आणि बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन (मूत्रपिंडाला इजा झाली की लघवीत वाढणारं प्रथिन) डॉक्टरांकडून तपासून घ्या. माल आणि सामू दरवर्षी, मातीतला एकूण धातू तीन वर्षांतून एकदा पुरतो. तो इतका हळू बदलतो की दरवर्षीच्या आकड्यांत फक्त नमुना घेण्यातला फरक दिसत राहतो.